तिसरा बुध्या

आमच्या पाड्यात तीन बुध्या आहेत. हे विधान मी आजही मागे घेणार नाही.

तलासरीच्या डोंगरात आमचा पाडा आहे. इथे पोर ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला चिकटतं. माझे बाबा सोमा, काका शुक्र्या. बुधवारी मात्र आमच्याकडे जन्माला यायची जरा जास्तच घाई झालेली दिसते. (मी विलास आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींना माझा वार आवडला नाही.)

डहाणूच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेणारा घरातला पहिला मीच. त्यासाठी आईबाबा वर्षानुवर्षं चिकूच्या वाड्यांत राबले. त्यामुळे एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली, तेव्हा ती नोकरी माझ्या एकट्याची नव्हतीच. आणि मुलाखतही एकट्याची राहिली नाही!

लॅपटॉप डहाणूजवळच्या मसोलीतल्या मित्राचा. नेटवर्क फक्त अंगणात, चिंचेखाली. तिथेही मोबाइल मधूनच राज्याच्या हद्दीपलीकडचा टॉवर पकडतो आणि गुजरातेत माझं स्वागत करतो. मी चिंचेखाली बसलो. बाबा खाटेवर, आई सूप घेऊन ओट्यावर. कोणी बोलायचं नाही, असं मी बजावलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे ‘ऐकलं’. ‘मान्य केलं’ नव्हे.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी पहिलाच प्रश्न अगदी बालवाडीतला विचारला. अ‍ॅरेमध्ये, म्हणजे एका ओळीत, बरीच नावं आहेत. विचारलेलं नाव त्यात किती वेळा येतं ते मोजणारा प्रोग्रॅम लिही, उदाहरण तुझंच घे आणि मोठ्याने समजावून सांग.

मी जोशात टाइप केलं: सोमा, बुध्या, शुक्र्या, बुध्या, बुध्या. एकेक नाव घ्यायचं, जुळलं की मोजणी एकाने वाढवायची.

“म्हणजे मॅडम, बुध्या तीन,” मी म्हणालो.

खाटेवरून खोकला आला.

“तीन नाय. दोनच धर.”

खुलासा करतो. पहिला बुध्या माझा चुलता. दुसरा डहाणूला मासेमारीच्या होडीवर जातो. तिसरा आमचा शेजारी. त्याने आमच्या खजुरीची ताडी न विचारता उतरवली, तेव्हापासून बाबांचं आणि त्याचं बोलणं बंद. आणि आमच्याकडे बोलणं बंद असलेला माणूस कशातच धरत नाहीत. लग्नात नाही, भातलावणीत नाही, आता अ‍ॅरेतही नाही.

मी माइक हाताने झाकला (कॅमेरा चालूच होता, हे नंतर लक्षात आलं) आणि बाबांना समजावलं, की कॉम्प्युटरला भांडण कळत नाही.

“मग कळव त्याला. शिकलास कशाला?”

आईने वेगळाच मुद्दा काढला. होडीवरचा बुध्या महिन्यातून एकदा घरी येतो, त्याला अख्खा कसा धरलास? एवढ्यात कुडाच्या कुंपणापलीकडून आवाज आला, “माझा नाव का काढतां रे?” आणि तिसरा बुध्या स्वतः कुंपण ओलांडून कॅमेऱ्यात येऊन उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मॅडमनी चष्मा पुसला.

आता मुलाखत वाचवायची तर बाबांचं ऐकून एक नाव खोडणं सोपं होतं. प्रोग्रॅमला काय, दोनही चाललं असतं. पण मला हट्ट चढला. मी उभा राहून सगळ्या अंगणाला ऐकवलं, “नाव जुळलं की मोजायचं. तीन म्हणजे तीन!”

मॅडमनी शांतपणे पुढचं विचारलं, अ‍ॅरेत नसलेलं नाव दिलं तर? मी म्हटलं, शून्य. ‘मंगळ्या’ टाइप करून दाखवणार, तोच आई सूप खाली ठेवून उठली.

“शून्य कशाला? मंगळ्या खालच्या पाड्यात हाय. हाक मारते.”

तिची हाक हायवेवर अच्छाडच्या नाक्याला थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही ऐकू गेली असावी. मंगळ्या आला. त्याच्यासोबत त्याचा कुत्राही आला. मग नेटवर्क गेलं आणि गुजरातने माझं स्वागत केलं.

चार दिवसांनी कंपनीचा निरोप आला. दुसरी फेरी ऑफिसात, आणि कृपया एकटे यावे.

गेलो. थंडगार खोली, बंद दार, एकही बुध्या नाही. प्रश्न तोच, फक्त माणसांऐवजी फळं. ओळीत पहिलाच चिकू. कॉम्प्युटरच्या ओळीत पहिल्याचा क्रमांक शून्य असतो, आणि एवढ्या शांततेची सवय नसल्यामुळे मी ओळ शून्याऐवजी एक क्रमांकापासून तपासायला घेतली. पहिला चिकू राहिला. उत्तर एकाने कमी!

मॅडम म्हणाल्या, “त्या दिवशी एवढ्या गोंधळात बरोबर मोजलं होतंस की.” चूक मी तिथेच दुरुस्त केली आणि त्यांनी मला ठेवून घेतलं.

घरी येऊन मी सगळं खरं सांगितलं. तीच माझी चूक. आता बाबा पाड्यात सांगत फिरतात, की पोरगा हट्ट सोडून एक कमी मोजायला लागला, तेव्हा कुठे कंपनीने त्याला नोकरी दिली.