रिकाम्या खाटेखालचा केर

दवाखान्यात सफाईच्या कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, झाडू मारायला काय शिकायचंय. सहावीतून शाळा सुटली होती, पण झाडू तर सहाव्या वर्षापासून हातात होता.

आम्ही मराठवाड्यातले. तिकडे पाऊस पडला नाही म्हणून नवरा-बायको कालव्याच्या खोदकामावर भंडारा जिल्ह्यात आलो. दोन रेल्वे, एक बस आणि पुढे मुकादमाचा ट्रक. इथं जिकडे बघावं तिकडे तळी आणि भाताची खाचरं, इथल्या बोलीत धानाच्या बांध्या. इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांत नवऱ्याला ताप आला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवव्या दिवशी तो गेला. दिराला पत्र टाकलं तर उत्तर आलं की इकडे येऊ नये, आमचेच खायचे वांधे आहेत. कालव्यावर एकट्या बाईला ठेवायला मुकादम तयार नव्हता, आणि तयार झाला असता तर मीच थांबले नसते.

तेव्हा तिथल्या सिस्टरनं मला दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या केरळकडच्या, माझ्याहून लांबून आलेल्या. माझ्या नवऱ्याचं अंग त्यांनीच पुसलं होतं. डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, हिची जबाबदारी माझी. साहेब म्हणाले, तीन महिने बघू, मग ठरवू. मागच्या बाजूला सामानाची एक खोली होती, तिथं झोपायला जागा मिळाली. तीन महिन्यांनी साहेबांनी नाही म्हटलं असतं तर ती खोलीही गेली असती, आणि त्यापुढे मला रस्ता दिसतच नव्हता.

काम शिकवलं ते जुन्या बाईंनी. त्या इथल्याच, दहा वर्षं तिथं सफाईला होत्या. संडासाची बादली वेगळी, वॉर्डाची वेगळी, आणि चुकूनसुद्धा अदलाबदल नाही. आधी पाणी, मग फिनाईल. आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे यायचं. जमिनीवर सुई दिसली तर हातानं उचलायची नाही, कापसात धरायची. काही फुटलं तर त्याच घडीला सांगायचं, "लपवशीन त दुसऱ्याच्या पायात जाईन." मी रात्री अंथरुणावर हे सगळं शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणायची. विसरले तर काय, या भीतीनं झोप लागायची नाही.

शेवटचं शिकवलं ते हे: पेशंटला सुट्टी झाली की त्याची गादी उन्हात टाकायची आणि खाटेखालचा केर लगेच काढून फिनाईल फिरवायचं. खाट दोन-तीन तासांवर रिकामी राहत नसे. बाकी सगळं मी केलं, हे एवढं माझ्याच्यानं होईना.

आमच्याकडे घरातून माणूस गावाला निघालं की त्याच्या मागं लगेच झाडत नाहीत. त्याला वेशीबाहेर जाऊ देतात, मग केर काढतात. मी सासरी निघाले तेव्हा आईनं लग्नाच्या केरानं भरलेलं अख्खं घर संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं. पाठोपाठ झाडतात ते फक्त मढं उचलल्यावर. माझ्या नवऱ्याला नेलं तेव्हा जुन्या बाईंनी त्याच्या खाटेखाली लगेच झाडू फिरवला, आणि मला ते बरोबरच वाटलं.

म्हणून माणूस आपल्या पायानं घरी निघाला की मी गादी उन्हात टाकायची, पाण्याचा माठ घासायची, खिडक्या पुसायची आणि केर तासभर तसाच ठेवायची. कोणी दगावलं तर मात्र लगेच झाडायची. कामचुकारपणा नव्हता तो. ज्या दवाखान्यानं मला छप्पर दिलं तिथून बरा होऊन जाणाऱ्याचं माझ्या हातून वाईट होऊ नये, एवढंच मनात होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पण खाटेवर पडून असलेल्या माणसाला दुसरं काम काय? सात नंबरच्या खाटेवर दम्याचे एक आजोबा होते, दिवसभर सगळ्यांची टर उडवणारे. त्यांनी हिशेब लावला. एका दुपारी वॉर्डाला ऐकवून म्हणाले, "सकाळचा झाडू सगळ्यायचा. पन दुपारी ही बाई ज्या खाटेखाली घुसली, थो मानूस वर गेला समजा." वॉर्ड हसला. मीही हसल्यासारखं केलं.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की मी दुपारी झाडू घेऊन दारात आले की वॉर्ड गप्प होतो. आठवडाभरानं त्याच आजोबांच्या हातून वरणाची वाटी सांडली. मी वाकून झाडू पुढे केला तर त्यांनी दोन्ही पाय वर ओढून घेतले. तोंडावर थट्टेचं नाव नव्हतं.

"बाई, मी हावो ना अजून," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा डॉक्टरसाहेबांकडे गेला. साहेबांनी मला आणि सिस्टरला बोलावलं. रिकाम्या खाटेखालचा केर तासन्‌तास का पडून असतो, आणि पेशंट हिला बघून का घाबरतात, असं विचारलं. सिस्टर माझ्यासाठी खाली मान घालून उभ्या होत्या, आणि ते मला साहेबांच्या आवाजापेक्षा जास्त लागलं. साहेब म्हणाले, पंधरा दिवस देतो, नाहीतर दुसरी बाई बघा.

मागच्या पायरीवर जुन्या बाईंनी मला धरलं. "काहून नाई झाडत तू?"

मी सांगितलं. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, माह्या बापानं छप्पन साली घरातले देव तलावात सोडले, तवापासून हे असलं काही आमच्या घरात नाही. दहा वर्षं सगळ्यांच्या मागं झाडून राहिली मी, कोणाला काही झालं नाही.

"झालं असलं तरी तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं.

त्यांनी लुगड्याची धूळ झटकली. मग उठता उठता म्हणाल्या, "तुले पोट हाये का नाई, तेवढं सांग."

बायकांच्या वॉर्डात तेव्हा कोंढा गावची एक म्हातारी होती. तिच्या लेकीला विषमज्वर झाला होता, तीन आठवडे झाले होते. म्हातारी मागच्या आवारात तीन दगडांवर भात शिजवायची आणि एक वाटी माझ्यासाठी झाकून ठेवायची. मला भाकरीची सवय, भातानं पोट भरल्यासारखं वाटायचं नाही; पण तिचा भात मी शीत न शीत खायची. अख्ख्या दवाखान्यात तिनंच मला माझ्या गावाचं नाव विचारलं होतं. माझ्या आईचं तोंड कसं आहे, तेही विचारलं होतं.

पंधरा दिवस भरायला दोन दिवस उरले असताना तिच्या लेकीला सुट्टी झाली. नेमके साहेब वॉर्डात होते. खाटेसाठी दुसरी बाई स्ट्रेचरवर दाराशी आणून ठेवलेली. मी गादी काढली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण सिस्टरनं पाहिलं. मी झाडू घेतला.

म्हातारी डोक्यावर गाठोडं आणि हातात लेकीचा हात धरून उंबऱ्यापर्यंत पोचली होती. झाडूचा आवाज ऐकून ती वळली.

"बाई, आमी अजून दारातच आहो वं."

मी मान वर केली नाही. खाटेखालचा केर दाराकडे ओढत आणला, सुपलीत भरला, फिनाईल फिरवलं. नवी बाई खाटेवर आली. साहेब पुढच्या खाटेकडे गेले.

म्हातारी गेली नाही. व्हरांड्यात लेकीला बसवलं, गाठोडं सोडलं, तिला पाणी पाजलं. घरातून निघताना अपशकुन झाला की बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. आमच्याकडेही तसंच करतात. ती किती वेळ बसणार, तेवढं मला कळत नव्हतं. चारच्या मोटारीचा हॉर्न वाजला तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. ती हलली नाही. त्यांच्या गावाकडे त्यानंतर गाडी नव्हती.

संध्याकाळी मी माझ्या वाटणीचा भात घेऊन व्हरांड्यात गेले. लेक भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, अजून पिवळीच. मी म्हणाले, मावशी, साहेब उभे होते, मी काय करू.

"तुले बोल नाई लावत मी. तुहं कामच होतं थे," ती म्हणाली. मग ताटलीकडे न बघता म्हणाली, "पन तुह्या हातचं आता नको, बाई. माही लेक आतास उठली हाये."

दिवेलागणीला सिस्टर मला शोधत खोलीवर आल्या. साहेबांनी कागदावर सही केली होती, मला ठेवून घेतलं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, अब डरना नहीं. मी त्यांच्या पाया पडले. त्या बाईचे उपकार मी अजून मानते; त्या नसत्या तर माझं काय झालं असतं, हा विचार आजही करवत नाही. त्या गेल्यावर मात्र मी सामानाच्या पोत्यावर बसले ते उठवेचना. हवी होती ती नोकरी मिळाली होती, आणि व्हरांड्यातून परत आणलेला भात तसाच झाकून होता.

सकाळी सहाला झाडू घेऊन व्हरांड्यात आले. दोघी पहिल्या मोटारीनं गेल्या होत्या. त्या बसल्या होत्या ती जागा लख्ख होती. काडी नाही, शीत नाही, मागच्या आवारातल्या चुलीची राखसुद्धा उचललेली. चौकीदार म्हणाला, म्हातारीनं अंधारातच लिंबाच्या डहाळीनं सगळं झाडून काढलं आणि मगच लेकीला उठवलं. त्या झाडूवालीला मागं झाडायला काही ठेवू नको, असं लेकीला सांगत होती म्हणे.

हजेरीची वेळ झाली होती. मी सही केली आणि वॉर्डात गेले. त्या दिवशी चौघांना सुट्टी होती.