अण्णा वझ्यांचा झकास रिपोर्ट

सोनागिरीच्या बाजारात अण्णा वझे भेंडीसुद्धा व्हर्नियरनं जाडी मोजून घ्यायचे. भाजीवाला तिथल्या हिंदीत वैतागायचा, "को खाँ, सब्ज़ी ले रए हो के पुर्ज़ा?" अण्णा शांतपणे पुढची भेंडी उचलत. कारखान्यात टर्बाइन तपासणं हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखालचा आणि क्वार्टरमधला शेजारी. "मोजल्याशिवाय पास नाही," हे दिवसातून दहादा ऐकून मी मनात चरफडायचो.

अशा माणसानं एकदाच न मोजता पास केलं, ते स्वतःला. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. कारखान्याच्या वार्षिक तपासणीआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "लघवी हल्ली चहासारखी होते रे. डॉक्टरनं पाहिलं तर टेस्टिंगवरून उठवून टेबलकामाला बसवतील. यंदा माझी बाटली तू भर." मी हसलो, आणि भरली. गाढवच मी! रिपोर्ट झकास आला.

तीन महिन्यांत अण्णांचे पाय सुजले, खोकल्यातून रक्त पडलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराची स्वतःचीच फौज बारीक रक्तवाहिन्यांवर उलटली आहे, मूत्रपिंडाच्या चाळण्या त्यात निकामी होताहेत. अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, विचारलं, "वाचेल ना हो मूत्रपिंड?"

"उपचार सुरू होताना किती शाबूत आहे, त्यावर असतं," बाई कारखान्याचा तो रिपोर्ट बघत म्हणाल्या. "मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासूच. पण तीन महिन्यांपूर्वी सगळं स्वच्छ होतं, म्हणजे दुखणं ताजं आहे. बरीच सुधारणा व्हावी."

वहिनींनी हात जोडले. बाहेर गाठून मी बाईंना खरं सांगून टाकलं. "औषध तेच देऊ," त्या म्हणाल्या, "पण दुखणं जुनं असणार, आशा कमी ठेवा." तुकड्यातही जुने व्रणच निघाले.

अण्णांना हे सांगितलं, तर म्हणाले, "बरं केलंस. खोट्या मापावर अंदाज बांधू नये. पण हिला सांगू नकोस, तुला घरात घेणार नाही."

डायलिसिसवर सव्वा वर्ष काढलं त्यांनी. प्यायचं पाणी स्वतः मोजून घेत. टेस्टिंगवर परत जाणं काही झालं नाही, आणि एका सकाळी गेले.

आजही वहिनी कपाटातून तो रिपोर्ट काढतात. "बघा हो, काही म्हणजे काही नव्हतं. तपासणी कधी चुकवली नाही यांनी." माझ्यापुढे चहा ठेवतात. "तुमचा फार आधार होता यांना." वहिनी, तो रिपोर्ट माझा आहे, एवढंच सांगायला मी दर वेळी जातो, आणि चहा पिऊन परत येतो.