‘ग्राम्य’ खोडणाऱ्या ताई

कुणी एखाद्या शब्दाला ‘ग्राम्य’ म्हटलं की ताईंची पेन्सिल थांबायची आणि प्रश्न यायचा, “हे त्या माणसाच्या तोंडावर म्हणाल का?”

आणीबाणी नुकतीच उठली होती. नाशकात एका भाड्याच्या खोलीत आमच्या शब्दकोशाचं काम चाले. शब्दापुढे तो कसला ते थोडक्यात लिहायचं: ‘ग्रा.’ म्हणजे ग्राम्य, ‘अशि.’ म्हणजे अशिष्ट. ताई त्याला शिक्का म्हणत. त्या सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या, बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्या एम.ए. मी शेजारच्या टेबलावर होते, आणि खरं सांगते, तसा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

भाबड्या मात्र अजिबात नव्हत्या हं! आईबहिणीवरची शिवी आली की ‘अशि.’ ठोकून मोकळ्या. “शिवीला शिवी म्हणायचंच. पण ‘हाय’, ‘नाय’, ‘लय’ यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?”

एकदा आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं ‘हाय’पुढे ‘ग्रा.’ लिहिलं. ताईंनी बाजाराच्या दिवशी त्याला एस.टी.त घालून हरसूलला नेलं. मीही गेले, अशी गंमत सोडते की काय! नागली, म्हणजे आपली नाचणी, विकणाऱ्या एका आजींपुढे त्याला उभं केलं. “सांगा यांना, तुमचं बोलणं ग्राम्य आहे म्हणून.” तो घामाघूम. आजी आपल्या हसून म्हणतात, “नागली लय चांगली हाय, बाबा. घे की!” बिचारा पिशवीभर नागली घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ‘ग्रा.’ खोडून ‘बोली’ लिहिलं.

मुख्य संपादकांना काही ते पटेना. विद्वान माणूस, पण हट्टी. कोश छापायला जायच्या वेळी ते म्हणाले, “बाई, पुण्याचे लोक हसतील मला. शिक्के परत घाला, नाहीतर सहसंपादक म्हणून तुमचं नाव जाणार नाही.”

ताईंनी विचारलं, “म्हणजे नाव सोडलं तर ‘बोली’ राहील ना? मग सोडलं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची मेहनत! पण संपादक शब्दाचे पक्के निघाले. एकही ‘बोली’ त्यांनी हलवली नाही.

कोश आला तेव्हा मी ताईंबरोबर सातपूरला गेले. ताईंच्या आई भाकरी थापत होत्या. पिठाचे हात पुसून त्यांनी विचारलं, “तुजं नाव कुठं हाय गं यात?”

“नाही, आई. नाव नाही घातलं.”

“आँ? मंग येवढी वर्सं काय केलं?”

“तुझ्या बोलण्याला आता हे पुस्तक हलकं म्हणत नाही. तेवढं केलं.”

आईंनी कोश हातात घेतला. मग तो जाडजूड ठोकळा छातीशी धरून दारात गेल्या आणि अख्ख्या वसाहतीला ऐकू जाईल असं ओरडल्या, “या गं बायांनो! ह्ये माज्या पोरीनं केलंय!”