रविवारचं टपाल

टपालनाना सायकलवरून उतरत नसत. चिंचवडच्या पोस्टातून निघाले की चिखलीपर्यंतचा सगळा रस्ता आणि मग चिखलीतली एकूणएक घरं, हा माणूस सीटवर बसूनच करायचा. प्रत्येक दाराशी डावा पाय ओट्यावर टेकवायचा, उजवा पॅडलवर, आणि कागद पुढे. "उतरलो की च्या आला, च्या आला की गप्पा आल्या, अन् फुडच्या घरचा कागद थैलीतच ऱ्हायला," असं त्यांचं म्हणणं. भर लग्नात त्यांना लाडू दिला तर तोही त्यांनी सायकलवर बसूनच खाल्लेला मी पाहिला आहे. त्यांना खरं नाव होतं, पण ते पोस्टाच्या रजिस्टराबाहेर कुणी वापरलं नसेल.

मी तेव्हा चिखलीच्या शाळेत मास्तर होतो. साल छप्पनच्या आसपासचं. पिंपरीकडे कारखान्यांचे पाये खणले जात होते, आमच्याकडे मात्र अजून ज्वारी आणि वांगी. वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, म्हणून गावाची पत्रं लिहायची मी आणि आलेली वाचून दाखवायची नानांनी, अशी आमची वाटणी होती. नाना वाचायचे ते शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मजकूर वाईट असला तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला म्हणायचे, "आजी, जरा खाली बसा बरं." इतकी वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं, पण असं वाचणं मला कधी जमलं नाही.

मग एका पावसाळ्यात त्यांची सायकल घसरली आणि ते कारखान्याच्या पायासाठी खणलेल्या चरात पाठीवर आपटले. मणक्यातली गादी सरकली, डावा पाय बधिर झाला, आणि पुण्याच्या इस्पितळात पाठ उघडून ऑपरेशन करावं लागलं. गावाने पाठ चिरलेला माणूस आजवर पाहिलाच नव्हता. पोटाचं ऑपरेशन ठाऊक होतं, पण मणका? आमचे पाटील म्हणाले, "मणका म्हंजे घराचं आढं. आढ्याला हात लावला की घर ऱ्हातंय व्हय?" नाना परत येणार नाहीत, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. बदली पोस्टमन यायचा तो कागद पारावर टाकून निघून जायचा. चांगला होता बिचारा, पण त्याला कुणाच्या म्हातारीला खाली बसवायला वेळ नव्हता.

सहा महिन्यांनी मी कासारवाडीला नानांच्या घरी गेलो. अंगणात सायकल स्टँडवर उभी, मागचं चाक अधांतरी, आणि नाना वर बसून सावकाश पॅडल मारताहेत. कमरेला हा एवढा रुंद चामड्याचा पट्टा. तोंडाने चाललेलं, "हा वढा. हा पाटलांचा गोठा. हे भागूबाईचं दार." नानी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "रोज चिखलीला जाऊन येत्यात. जेवायला मातुर घरीच."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. नाना म्हणाले, "हसू नगा मास्तर. रस्ता पायानं ध्यानात ठिवायचा असतो. डोकं काय, इसरतं." डॉक्टरांनी सायकलीची परवानगी दिली होती ती तोंड वाकडं करूनच, आणि वर एक अट घातली होती, पाठीवर-खांद्यावर ओझं घ्यायचं नाही. पोस्टात बसून करण्याचं काम मिळत होतं, पण नानांना ते नको होतं. "चार भिंतीत माझी पाठ बरी ऱ्हाईल, मी न्हाई ऱ्हायचा," ते म्हणाले. एवढं ऐकून मी गावी परतलो, आणि इथे माझा शहाणपणा आडवा आला.

संध्याकाळी पारावर मी डॉक्टरांची अट सांगितली. पाटील म्हणाले, "मंग वझं कमी करू. कागदं कमी आली की थैली हलकी." वीस पोस्टकार्डांचं वजन एका लिंबाएवढं भरत नाही, हे तिथे एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं, आणि तो मी. पण चांगुलपणाचं वारं शिरलं की मास्तरची अक्कलही गवत खायला जाते. मी दौत-लेखणी काढली आणि घरोघरची पत्रं लिहिली. 'इकडील सर्व क्षेम. टपालनानांच्या पाठीचे ऑपरेशन झाले असल्याने अगदी गरजेशिवाय पत्र धाडू नये.' म्हाताऱ्या भागूबाईचा मुलगा मुंबईला गोदीत होता. तिने मला सांगितलं, "लिवा, म्या जित्ती हाय असं समज, अन् दिवाळीपत्तुर कायबी लिवू नगं."

नाना कामावर परत आले त्या दिवशी सारं गाव ओढ्यापाशी उभं होतं. दुरून सायकल दिसली. त्यांची पाठ पूर्वीसारखी वाकत नव्हती, ताठ बसले होते, आणि चेहऱ्यावर घाम होता. भागूबाईच्या दाराशी त्यांनी डावा पाय ओट्यावर टेकवला, क्षणभर डोळे मिटले, मग हसले. म्हातारीने त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि मोकळी होऊन रडली. थैलीत त्या दिवशी तीन कागद होते.

पुढचे कित्येक महिने रोज तीन-चारच. नानांनी एकदा मला विचारलं, "मास्तर, गावाचं साऱ्या मुलखाशी भांडान झालंय का?" मी गालातल्या गालात हसलो. आपण केवढं पुण्य करतो आहोत, असं वाटत होतं मला.

दिवाळीच्या आधी पोस्टाचे साहेब पाहणीला आले. चिखलीसाठी रोज माणूस पाठवण्याइतकं टपालच नाही, असं त्यांना दिसलं. हुकूम निघाला की शेजारच्या फेरीचा पोस्टमन आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, चिखली करील, आणि नानांनी चिंचवडला बसून टपालावर छाप मारावेत. मी आणि पाटील धावत चिंचवडला गेलो. मी साहेबांना सगळं कबूल केलं. साहेब माणूस सरळ होता. डोक्याला हात लावून म्हणाला, "मास्तर, आता लिहा हवी तेवढी पत्रं. पण हुकूम वर गेला, तो काही खाली यायचा नाही."

नानांना मीच सांगितलं. ते शाळेच्या पायरीपाशी आले होते. सायकलवरून उतरले, भिंतीला ती लावली आणि पायरीवर बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "कागदाला कसलं आलंय वजन, मास्तर? तुमी तर शाळा शिकल्यालं." तो दिवस मला अजून सलतो. त्या माणसाने रोजच्या रोज अंगणात उभ्या सायकलवर चिखली केली होती, आणि आम्ही ती त्यांच्याकडून काढून घेतली.

आम्हाला वाटलं, आता ते पुन्हा गावाचं तोंड पाहणार नाहीत. पण दुसऱ्याच रविवारी ओढ्यावर सायकल दिसली. अंगात खाकी नाही, खांद्यावर थैली नाही. "बसून बसून पाठ आखडती, म्हणून आलो," म्हणाले. पारावर सगळे शरमेने खाली बघत होते. तेवढ्यात पाटलांना काय सुचलं कोण जाणे, घरात जाऊन बुधवारपासूनचे न फोडलेले कागद घेऊन आले आणि नानांच्या हातात ठेवले. "कालच सांजच्याला आल्यात, नाना. तुमीच वाटा."

तेव्हापासून गावाचा रिवाजच पडला. बुधवारी आलेलं असो की शनिवारी, कागद कोनाड्यात जायचा आणि रविवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. भागूबाई पाकीट चार दिवस कुंकवाच्या डबीशेजारी ठेवायची आणि येता-जाता त्याच्याकडे बघायची. मी म्हटलं, "भागूबाई, मी वाचून दाखवू का?" तर माझ्यावरच डाफरली, "तुमी गप बसा. तुमी एकदा शानपना केला तो पुरं." रविवारी सकाळी सगळे कागद पाटलांकडे जमायचे, पाटील दर वेळी 'कालच आल्यात' म्हणायचे, आणि नाना सायकलवरून एकेक दार करत वाटायचे.

असं दीड वर्ष चाललं. मग एका गठ्ठ्यात माझं खाकी सरकारी पाकीट होतं. बुधवारी आलेलं. आत काय असणार याचा अंदाज होता, तरी मीही रिवाज मोडला नव्हता. नानांनी सगळ्यांचं वाटून झाल्यावर शाळेपाशी सायकल आणली. "मास्तर, हे फोडा. सरकारी कागद असा दाबून ठिवू नगा. मंगळवारी छाप मारला तवाच म्या वळाकलं, बदली हाय."

चिखलीचा प्रत्येक कागद आधी नानांच्याच हाताखालून जातो, हे अख्ख्या गावात एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"छाप कोन मारतंय, मास्तर?"

"मग बोलला का नाहीत?"

नानांनी कमरेचा पट्टा जरा सैल केला. "बोललो असतो तर तुमी बुधवारीच फोडली असती. दर शनवारी पाठ म्हनती, उद्या पडून ऱ्हा. नानी बी म्हनती. मंग ध्यानात येतं, भागूबाईचा कागद कोनाड्यात पडलाय, म्या गेल्याबिगर ती वाचून घ्यायची न्हाई. उठावंच लागतं. तुमी लोकं शानी असता तर म्या कवाच खाटंला लागलो असतो."

आठ दिवसांत मी चिखली सोडली. निरोपाला गाव जमलं होतं, आणि हे सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, आणि पुढेही कुणाला सांगितलं नाही.

पाटलांची पत्रं मला येत राहिली, नव्या मास्तरांच्या अक्षरातली. प्रत्येकात शेवटी एक ओळ असायची, 'नाना रविवारी येऊन गेले, ठीक आहेत.' सहा वर्षं ती ओळ आली. मग एका पत्रात ज्वारीचं होतं, नव्या विहिरीचं होतं, भागूबाईच्या नातवाच्या बारशाचं होतं, आणि ती ओळ नव्हती. मी कागद उलटून पाहिला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. नाना गेले हे मला असं कळलं. पाटलांना ते लिहवलं नसेल.