साखरेचा शेजार

आज सकाळी मुलीने स्वयंपाकघरातली फळी लावून दिली. सगळे डबे उंचीप्रमाणे, एका रांगेत. "बाबा, आता कसं छान दिसतंय!" म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

मी जन्मभर काचेतल्या अणूंची रचना शोधली. स्फटिकातले अणू कवायतीला उभे असल्यासारखे असतात. काचेत तशी रांग नसते, पण प्रत्येक अणूचा शेजार बहुतेक ठरलेला असतो. लांबून पाहणाऱ्याला नुसता पसारा दिसतो. क्ष-किरणांच्या चित्रात अंधुक वलयांऐवजी रेखीव ठिपके उमटले, की प्रयोगशाळेतली नवी मुलं खूश व्हायची. मी म्हणायचो, "फेकून द्या. काच बिघडली, आत स्फटिक झालेत."

दुपारी चहा करायला उठलो. माझ्या बायकोच्या फळीवर चहाशेजारी साखर, साखरेशेजारी सुंठ असायची. बाकी काहीही कुठेही. ही गेल्यावरही ते तसंच राहिलं होतं. आज आधण आटत आलं तरी साखर सापडेना. सापडली ती पोह्यांच्या डब्याशेजारी, उंची जुळत होती म्हणून.

रांग मोडून मी ती चहापाशी आणून ठेवली. सुंठ अजून शोधायची आहे.