पाणी सांडणारी बाई

या गं, जरा जवळ सरका. तिकडं दारात उभं राहून काय ऐकू येणार? आन् आधी थोडं रागवून घेते, मग सांगते. इथं ग्रुपवर रोज कुणाला सावल्या दिसतात, कुणाला पैंजण ऐकू येतात, आन् तुम्ही खाली "बापरे", "काटा आला अंगावर" लिहून मोकळ्या होता! एकीनं तरी विचारलंय का, की ताई, साक्षीदार कोण होतं? उजेड होता का? डोळ्यावर चष्मा होता का? नाय ना. मग निदान मला तरी विचारा. मी स्वतःलाच विचारून विचारून थकले.

मी असल्या गोष्टी मानत नाय. आमच्या घरात सकाळी त्रिशरण-पंचशील होतं. अंगारे, नवस, बुवा... हे सगळं सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच उंबऱ्याबाहेर गेलं. माझं माहेर पिशोरचं. शाळा चौथीपर्यंत. बाकी वाचायला शिकले ती शिलाई मशीनवर बसून, गिऱ्हाइकांची कापडं ज्या पेपरात गुंडाळून यायची ते वाचत. साधी आहे, पण कुणी उल्लू बनवावं अशी नाय.

तर हे टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, घरात कुठून आलं... आमची नात तनू, पुण्याला नोकरी करती. सुट्टीला उस्मानपुऱ्यात माझ्याकडं आली आन् बॅगेतून हा भला मोठा पत्त्यांचा जोड काढला. मग सुरूच. इंटरव्ह्यूला जाऊ का? पत्ता काढ. मैत्रिणीला फोन करू का? पत्ता काढ.

मी म्हणलं, "तनू, एवढं शिकलीस ते चित्रांना विचारून चालायला?"

"आज्जी, ते भविष्य नसतं गं. प्रतीकं असतात. आपल्याच मनातलं दिसतं त्यात."

"मनातलं मनात बघ की मग! पैसे कशाला घातले?"

ती जाताना मी जोड काढून घेतला. जप्त! पोरगी फुगली... पण रिक्षात बसताना हसली. ते हसणं मला तेव्हाच खटकलं होतं.

आता जोड घरात पडलाच होता, तर म्हणलं, हे लोक फसवतात कसं ते तरी शिकावं. सोबत इंग्रजी पुस्तिका होती, मोबाईल तिच्यावर धरला की मराठी व्हायचं — वेडंवाकडं, पण कळायचं. रोज सकाळी न बघता एक पत्ता काढायचा आन् चहाबरोबर त्याचा अर्थ वाचायचा. पेले म्हणजे भावना, तलवारी म्हणजे विचार, काठ्या म्हणजे उमेद, नाणी म्हणजे घरदार-पोटपाणी. घोड्यावरचा सांगाडा निघाला त्या दिवशी माझा चहा गार झाला; पुस्तिका म्हणाली, मरण नाय, जुनं संपून नवीन सुरू. एका पायानं उलटा टांगलेला माणूस बघितला — चेहरा कसा शांत! म्हणे, जग उलटं करून बघतोय. मला सारखा संशय यायचा. वाईट चित्राचा चांगला अर्थ, चांगल्याचा वाईट... म्हणजे काही झालं तरी यांचंच खरं. हीच तर मेख!

शेजारच्या नसीम आपा भिंतीपलीकडून बघायच्या. आमची मैत्री लेकरं रांगत होती तेव्हापासूनची. आता त्या एकट्याच असतात, लेक दुबईला. गुडघे गेलेत. त्यांची चावी माझ्या खिळ्याला, माझी त्यांच्या.

"सुमन, ये क्या लेके बैठी तू? हमारे में नक्को बोलते ये सब."

"आमच्यात पण नक्कोच आहे आपा. चोरी पकडायला बसलेय."

"हौ हौ, पकडो. चोर पत्ते में बैठा है."

त्या दिवशी सकाळी मी पोहे टाकत होते. हात हळदीचा, तसाच पत्ता ओढला. कोपऱ्यावर अंगठा उमटला, पिवळाधमक. चित्र काय, तर तळ्याकाठी एक बाई, अंगावर चिंधी नाय. वर एक मोठी चांदणी, भोवती बारक्या. बाईच्या दोन्ही हातांत घागरी. एक तळ्यात रिकामी करतीय, दुसरी मातीत! माझं डोकंच फिरलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. आम्ही तांदळाचं धुवण कुंडीला घालतो, आन् ही बया मातीत ओततीय!

भिंतीवरून आपांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन, चष्मा वर करून बघितला.

"तौबा! पहले कपडे तो पहनाओ इसको. और पानी कायकू फेंक रही?"

"तेच म्हणते मी."

"हमारी गली की नहीं है ये," म्हणाल्या आन् हसत हसत आंघोळीला मोटर लावायला गेल्या.

मी पत्ता साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पुस्तिका म्हणाली, आशा, आराम, संकट संपल्यावरची शांती. मला पटेना. चित्रात पाणी वाया चाललंय आन् कुणी ओरडत नाय... अशी कुठली शांती? पाणी सांडतंय आन् घरात आवाज नाय, म्हणजे ओरडणारं माणूसच जागेवर नाय. असं मनात आलं. माझं स्वयंपाकघर मागच्या अंगाला, तिथून आपांकडचं काही ऐकू येत नाय. गॅस बंद केला, उगाच आपली तोटी बघायला म्हणून पुढं आले.

आपांच्या फाटकाखालून पाणी वाहत होतं.

आता ऐका. आपा मोटर लावली की बटणाजवळ उभ्या राहून तसबीह ओढतात. माळ एकदा पूर्ण झाली की टाकी भरती, मग बंद. इतक्या वर्षांत त्यांच्या टाकीतून थेंब सांडलेला मी बघितला नाय. म्हणजे माळ पुरी झाली नव्हती.

चावी घेतली, दार उघडलं. बोळात पाणीच पाणी. पलीकडच्या टोकाला आपा आडव्या, पाय वाकडा झालेला, तोंड हलतंय, पण मोटरच्या आवाजात काही ऐकू येईना. मोटरची मधी जोड दिलेली उघडी वायर जमिनीवर, आन् पाणी तिच्याजवळ सरकत चाललेलं. पाय उचलला होता मी! तसाच मागं घेतला. मेन स्विच दाराशेजारी, तो पाडला, मग समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. जीव वाचला.

इथपर्यंत मला काही अडचण नाय. योगायोग, बाईमाणसाची सवय, काही पण म्हणा. मी पण तेच म्हणत होते.

आपा घरी आल्यावर तनूचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. "कोणता पत्ता होता आज्जी?"

"ती उघडी बाई गं. घागरीवाली."

ती म्हणाली, "तो तिथं नाय आज्जी. माझा आवडता आहे तो. तू जोड घेतलास त्याच्या आधीच मी काढून घेतला होता. मोबाईलच्या कव्हरमधी आहे माझ्या."

रिक्षातलं हसणं... ते हे होतं!

मी म्हणलं, "खोटारडे, फोटो टाक." आन् साखरेच्या डब्याकडं गेले. पत्ता नव्हता. आपा पडल्या त्या दिवशी घरात माणसांची ये-जा, चहा सारखा गॅसवर, कुणी उचलला असंल. सिलेंडरमागं बघितलं, डबे रिकामे केले. पूर्ण जोड पालथा घातला. नाय.

तेवढ्यात फोटो आला. तीच बाई. आन् कोपऱ्यावर पिवळा अंगठा.

"तनू, हा डाग कसला?"

"काय की. मागच्या आठवड्यापर्यंत नव्हता. मी तर खानावळीत जेवते आज्जी, हळद कुठून आणू?"

हळदीचं मी तिला तोवर बोललेच नव्हते. आपांना विचारलं, मला भास झाला का? त्या चिडल्या, "मैं अंधी हूं क्या? हाथ में ली थी मैं!"

मला अजून संशय तनूवरच आहे. पण ती पुण्यात, पत्ता माझ्या ओट्यावर... हे कसं जुळवायचं, मला येत नाय. माझ्या उजव्या अंगठ्यावर कात्रीनं चिरलेली आडवी रेघ आहे. फोटोत डाग अंधुक आहे, रेघ दिसती का नाय, काही समजत नाय.

तनू, तू हे वाचतीस, मला माहितंय. मस्करी केली असशील तर समोर बसून सांग. रागवणार नाय, उलट त्या दिवशी मला नीट झोप लागंल. आन् केली नसशील... तरी ये. आपा वॉकर धरून रोज भिंतीपाशी येतात, विचारतात, "छोकरी कब आ रही?" लवकर ये. तो पत्ता आण. मला त्या डागावर माझा अंगठा ठेवून बघायचाय. तोवर पुसू नको, बाई.