हरसूलच्या एसटीतली तालीम

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्याकडे एकच वाक्य होतं: ‘मी नाय जानार परत त्या घरात.’ नवऱ्याशी भांडून निघालेल्या हरसूलकडच्या बाईची वेबसिरीजमधली भूमिका. इतकी वर्षं मालिकांत चहाचा ट्रे धरून मागे उभी राहिले, आता तोंड उघडायला मिळणार होतं. दिग्दर्शकांनी मात्र बजावलं होतं, “बोली खरी वाटली तरच तुम्ही.” निवड दुसऱ्या दिवशी, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या स्टुडिओत. म्हणून नाशकात उतरले ती थेट हरसूलच्या एसटीत बसले. तिथे आठवडी बाजार होता.

त्र्यंबक मागे पडलं, डोंगर जवळ आले आणि खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी केली.

बाजारात नागलीचे (नाचणीचे) पापड विकणाऱ्या बाईंना मी ठसक्यात म्हटलं, “लय भारी हाय! कसं दिलं?”

“नमस्कार ताई. घरगुती आहेत. आपण कुठून आलात?”

अगदी बातम्या वाचल्यासारखं! ज्याला विचारावं तो माझ्यासाठी ठेवणीतली मराठी काढत होता. पाठ वळली की आपसात खरी बोली सुरू, मी वळले की पुन्हा बातम्या. शेवटी भज्यांच्या गाडीआड भजी खात, कान लावून उभी राहिले, तर भज्यातली मिरची चावली आणि तोंडून अस्सल पुणेरी किंकाळी निघाली. सगळा बाजार हसला.

परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून वाक्य घोकत बसले. जमेना. हेही काम हातचं जाणार, या विचाराने रडूच फुटलं, पण घोकणं सुरूच होतं.

खांद्यावर हात पडला. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशी. “मारलं का गं त्यानं? नको जाऊ. पुढं उतरू, माझ्या घरी चल. पोरीची खोली रिकामीच हाय.”

मी शरमेने खरं काय ते सांगितलं. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“म्हणजे बोली जमली ना?” मी आशेने विचारलं.

“छ्या! असं कोनीच नाय बोलत आमच्याकडं. पन रडली ना तू.” उतरताना त्यांनी घर दाखवलं, रस्त्यालगतचंच. “काम नाय भेटलं तं ये गं.”

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत डोळे मिटून मावशींनाच ते वाक्य सांगितलं. दिग्दर्शक म्हणाले, “बोलीवर मेहनत घ्यावी लागेल. पण काम तुमचंच.”

पुण्याला परतताना आनंद पोटात मावत नव्हता आणि एक हुरहुरही होती. काम तर मिळालं, आता त्या घरी कुठल्या तोंडाने जायचं? तरी जाणार आहे. काय सांगायचं, ते एसटीत पाठ करीन.